हलवा खात भरलेला फॉर्म

आमच्या शाळेतल्या शिक्षक युनियनची प्रतिनिधी मी झाले, त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. निवडणूक चालू असताना मी वॉशरूमला गेले होते. परत आले तर सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या त्या हायस्कूलमध्ये मी तेव्हा आठेक वर्षं गणित शिकवत होते आणि इतक्या वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

प्रतिनिधीचं मुख्य काम म्हणजे फॉर्म भरणं, आणि फॉर्म भरण्यात मी स्वतःला फार हुशार समजते. माझे वडील नागपूरला सरकारी कचेरीत होते. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि मुदतीची वाट बघायची नाही, हे त्यांनी आम्हा भावंडांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. बाकीच्या शाळांचे प्रतिनिधी शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवतात. माझा फॉर्म आला त्याच दिवशी परत गेलेला असतो. युनियनच्या ऑफिसातली बाई एकदा मला फोनवर म्हणाली होती की सगळे तुझ्यासारखे असते तर किती बरं झालं असतं. हे मी घरी चार वेळा सांगितलं.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत जो फॉर्म आला, तो ज्यूद्वेषाविषयीच्या प्रशिक्षणाचा होता. आमच्या भागातले काही ज्यू शिक्षक आणि पालक दोनेक वर्षं युनियनच्या मागे लागले होते. शाळांच्या भिंतींवर काहीबाही लिहिलं जात होतं, मुलं एकमेकांना नको ते बोलत होती, आणि शिक्षकांच्या खोल्यांतही सगळं आलबेल नव्हतं. त्यांचं मागणं साधं होतं. सगळ्या शाळांतल्या शिक्षकांसाठी दोन तासांचं एक सत्र ठेवा आणि हा द्वेष कसा दिसतो, कसा ऐकू येतो ते समजावून सांगा. युनियनने ते कमिटीकडे पाठवलं. कमिटीने उपकमिटी नेमली. उपकमिटीने ठरवलं की आधी गरज किती आहे ते बघू, आणि त्यातून हा फॉर्म निघाला. तुमच्या शाळेत ज्यू सभासद अंदाजे किती? त्यांनी काही अडचण मांडली आहे का? तुमच्या शाळेत या प्रशिक्षणाची गरज वाटते का? असे प्रश्न मुळात विचारावेत का, यावर पुढे बरंच भांडण झालं, ते असो. मी रकाना बघितला की भरणारी बाई.

पहिल्या रकान्यात मी शून्य लिहिलं. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाही. एखादं मिनिट लागलं असेल.

हे लिहिताना मी कुठे बसले होते ते सांगायलाच हवं. मी सायन्सच्या ऑफिसात ताईंच्या टेबलापाशी बसले होते, आणि उजव्या हातात पेन असल्यामुळे डाव्या हाताने ताईंनी आणलेला गव्हाच्या चिकाचा हलवा खात होते. माझ्या आईने पाहिलं असतं तर तिने आधी डाव्या हाताबद्दल बोलून घेतलं असतं.

ताई आमच्या शाळेत केमिस्ट्री शिकवतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, ठाण्याच्या, टेंभी नाक्याजवळ वाढलेल्या. आडनाव 'कर'ने संपणारं. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्या फोटोकॉपीच्या मशीनसमोर उभ्या राहून त्याला मराठीत विचारत होत्या, "मेल्या, आता काय झालं तुला?" मला इतका आनंद झाला की मशीन मी दुरुस्त केलं. तेव्हापासून आमचा दुपारचा डबा एकत्र. तो आम्ही स्टाफरूममध्ये न खाता सायन्सच्या ऑफिसात खायचो. तिथे खिडकी नाही, पण आमचा स्वतःचा मायक्रोवेव्ह आहे. माझ्या लसणाच्या चटणीचा वास स्टाफरूममधल्या मंडळींना सोसत नाही म्हणून ताईंनी ही सोय केली, अशी माझी समजूत होती. ती कोणी मला करून दिली नव्हती, मीच करून घेतली होती.

ताई बेने इस्राएल. कित्येक शतकांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले आपले मराठी ज्यू. आता कोणी म्हणेल, तुला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. शुक्रवारी शेवटची बेल झाली की ताई पर्स उचलून निघतात, का निघतात तेही ठाऊक होतं. तो हलवा त्यांच्या नववर्षाचा, रोश हशानाचा, नारळाच्या दुधात आटवलेला, हेही त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात ज्यू म्हणजे बाथर्स्ट स्ट्रीटवर शनिवारी काळ्या टोप्या घालून चालत जाणारी मंडळी. ताई म्हणजे ठाण्याच्या. हलव्याला चिकाचा हलवा म्हणतात, फोटोकॉपीच्या मशीनला मेल्या म्हणतात. त्यांना मी आपल्यात मोजून मोकळी झाले होते. एकदा आपल्यात मोजलेलं माणूस मी दुसऱ्या रकान्यात कशाला शोधू?

फॉर्म त्याच दुपारी गेला. ऑफिसातल्या बाईने उत्तरात हसरा चेहरा पाठवला.

नोव्हेंबरात युनियनची सभा होती, शाळा सुटल्यावर, युनियनच्याच हॉलमध्ये. आमच्या सभांचं वर्णन करायचं तर त्यात कॉफी बरी असते. अध्यक्ष हे एक सज्जन, निवृत्तीला आलेले गृहस्थ, नियमावलीवर त्यांचं मनापासून प्रेम. ठरावाला दुरुस्ती आणि दुरुस्तीला उपदुरुस्ती आली की त्यांचा चेहरा खुलतो. त्या दिवशी मागच्या रांगांत पाहुणे म्हणून ते मागणी करणारे पालक आणि शिक्षक बसले होते. त्यांत मला ताई दिसल्या. मला वाटलं, आपल्याला सोबत करायला आल्या. मी शेजारच्या खुर्चीवरची पर्स काढली आणि त्यांना हात केला. त्यांनी मान हलवली आणि तिथेच बसून राहिल्या.

पालकांच्या वतीने एक बाई पाच मिनिटं बोलल्या. त्यांच्या मुलाने शाळेत आपल्या धर्माची चांदणी असलेली गळ्यातली साखळी शर्टच्या आत घालायला सुरुवात केली होती, एवढंच त्यांनी सांगितलं आणि त्या खाली बसल्या. मग चर्चा. काहींना भीती होती की या सत्रातून दूरच्या युद्धाबद्दल बोलायलाच बंदी होईल. काहींना वाटत होतं, सगळ्याच भेदभावांवर मिळून एकच सत्र ठेवावं. सगळी माणसं चांगली होती आणि प्रत्येकाला बोलायचं होतं. शेवटी एकाने दुरुस्ती मांडली की सत्र जरूर ठेवावं, पण ज्या शाळांनी फॉर्ममध्ये गरज नोंदवली आहे तिथेच. शाळांची यादी पडद्यावर आली. आमच्या शाळेपुढे शून्य, नाही, नाही.

दुरुस्ती मला रास्त वाटली. जिथे कोणी नाहीच तिथे दोन तास कशाला? मी हात वर केला. हात वर असताना सहज मागे वळून पाहिलं. ताई पडदा वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो खाली घ्यायला हवा होता, पण मोजणी चालू होती आणि मोजणी चालू असताना हात खाली घेऊ नये असं मला वाटलं. काय म्हणावं या शिस्तीला.

दुरुस्ती मंजूर झाली. मूळ ठराव मात्र राहिला, कारण तेवढ्यात डेकेअरमधून मुलं आणायला अर्धा हॉल रिकामा झाला आणि गणसंख्या उरली नाही. बाकीचं पुढच्या सभेत.

पहिला बर्फ पडून गेला की ताई गाडी चालवत नाहीत, माझ्याबरोबर येतात. शेपर्ड रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली. मग त्यांनी विचारलं, "तो फॉर्म तू भरलास?"

"हो."

"कधी?"

मी सांगितलं. त्यांनी जरा हिशोब केला असावा. "म्हणजे हलव्याच्या दिवशी," त्या म्हणाल्या. त्यांच्या बिल्डिंगपाशी उतरताना त्यांनी रोजच्यासारखं सावकाश जा म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला, आणि राग करायला समोर दुसरं कोणी नसल्यामुळे तो मी घरी नेला.

घरी नवरा लॅपटॉपसमोर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण त्या तर मराठी आहेत ना?" मला हायसं वाटलं, निदान मी एकटी नाही. तेवढ्यात सोफ्यावरून आमची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मॉम, शी इज ज्यूइश. ऑब्व्हियसली. हनुका फेस्टिव्हलला आपण तिच्याकडे गेलो होतो. यू एट लाइक सिक्स लाट्काज."

"अगं, ते बटाट्याचे वडेच होते की," मी म्हटलं.

"ओके मॉम," ती म्हणाली. या दोन शब्दांत आमच्या घरची मुलं आईबापांचा निकाल लावतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायन्सच्या ऑफिसात गेले. वाटलं होतं, ताई नसतील. त्या होत्या. डबा उघडलेला होता, माझी खुर्ची ओढून ठेवलेली होती. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "आधी खाऊन घे, मग बोल. तू उपाशीपोटी फार बोलतेस."

खाता खाता मग त्याच बोलल्या. "तुला काय वाटतं, आपण इथे का जेवतो?"

"चटणीच्या वासामुळे," मी म्हटलं.

त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, तुझ्या चटणीने कोणाचं काय बिघडलंय? मी तुझ्या आधीपासून इथे जेवतेय. स्टाफरूममध्ये लोक माझ्यासमोर बोलतात. माझा रंग बघतात, आडनाव बघतात आणि मला हिंदू समजून मोकळं बोलतात. त्या लोकांच्या हातात सगळा पैसा, ते लोक पेपर चालवतात, ते लोक असेच. माझ्याकडे बघून बोलतात, मी हो म्हणावं म्हणून. प्रिन्सिपल दरवर्षी तुला न् मला एकत्रच हॅपी दिवाळी करते. मी थँक यू म्हणते. काय करू?"

असं बोलणाऱ्यांत पहिला कोण, तेही त्यांनी सांगितलं. आमचा जिमचा मास्तर. हा माणूस पहिल्या बर्फाला ताईंची गाडी न सांगता फावड्याने बर्फातून मोकळी करून ठेवतो. ताई दरवर्षी स्टाफरूममध्येही हलव्याचं एक ताट ठेवायच्या, वर चिठ्ठी असायची, इंडियन स्वीट. त्या ताटातले निम्मे तुकडे हा एकटा खायचा. मनाने इतका चांगला माणूस असं बोलतो यावर माझा विश्वास बसेना, आणि हेच ताईंचं दुखणं होतं. वाईट माणूस असता तर त्याला त्यांनी कधीच झोडपून काढलं असतं.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? तो बोलत असताना मध्येच सांगितलं तर त्याला तोंडघशी पाडल्यासारखं होतं. नंतर सांगितलं तर इतके दिवस गप्प का होतीस. म्हणून म्हटलं, बाहेरून कोणी येऊन दोन तास बोलू दे, निदान विषय निघेल. मग मी सांगेन." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मला कोणाचं युद्धाबद्दलचं मत नकोय. दीड वर्षाने मी रिटायर होणार. त्याआधी मला माझा डबा स्टाफरूममध्ये बसून खायचाय, जी आहे ती म्हणून. बस एवढंच."

मी म्हटलं, पुढच्या सभेत मी उभी राहते आणि सांगते की आमच्या शाळेत तुम्ही आहात.

"नाव तू सांगायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "ते मी सांगेन, मला सांगायचं तेव्हा. तू गणिताची ना? तू आकडा बरोबर कर."

ख्रिसमसच्या सुट्टीआधी पुढची सभा झाली. मी माइकपाशी जायच्या रांगेत उभी राहिले. वर्गात तीस मुलांसमोर मी तासभर बोलते, पण माइकसमोर माझं इंग्रजी नागपूरला निघून जातं. मी म्हटलं, मी गणिताची शिक्षिका आहे आणि माझा आकडा चुकला आहे. आमच्या शाळेपुढचं शून्य काढून तिथे एक लिहावं. आणि हे शून्य मी कोणालाही न विचारता लिहिलं होतं. लोक हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

मग एक गंमत झाली. दुसऱ्या एका शाळेचा प्रतिनिधी उठला आणि म्हणाला, मीही कोणाला विचारलं नव्हतं, आडनावांची यादी बघून शून्य लिहिलं. मग आणखी एक बाई. तिने म्हणे गाडीत बसून लिहिलं होतं. मागच्या रांगेतल्या साखळीवाल्या मुलाच्या आईने डोळे मिटून घेतले. आमची युनियन शून्यांवर उभी होती.

पण दुरुस्ती तर मंजूर झालेली. अध्यक्षांनी नियमावली उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. आमच्या नियमावलीत असं कलम आहे की मंजूर झालेल्या गोष्टीचा फेरविचार मागता येतो, पण तो फक्त तिच्या बाजूने हात वर केलेल्यानेच मागायचा. मागचे पाहुणे मागू शकत नव्हते. विरोधात मत दिलेले भले लोकही मागू शकत नव्हते. तो हात मी वर केला होता, आणि मोजणी संपेपर्यंत वर ठेवला होता. जन्मात पहिल्यांदा माझी चूक नियमात बसली. मी फेरविचार मागितला. दीड तास काथ्याकूट झाला, कॉफी संपली, डेकेअरवाल्यांनी घरी फोन करून नवऱ्यांना पाठवलं, आणि थोड्या मतांच्या फरकाने ठरलं की सत्र सगळ्या शाळांत होईल.

आमच्या शाळेतलं सत्र फेब्रुवारीत लायब्ररीत झालं. मला वाटलं होतं, काहीतरी घडेल. ताई उठतील, बोलतील, सगळ्यांचे डोळे उघडतील. सत्र घ्यायला आलेली मुलगी बरी बोलली. निम्मे लोक ऐकत होते आणि निम्मे पेपर तपासत होते. जिमचा मास्तर मात्र पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता आणि एकदाही हलला नाही. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर पडताना मी जरा घुश्शातच विचारलं, "एवढं केलं ते कशासाठी मग?"

"तुझ्या मुदतीत नाही सांगणार मी," त्या म्हणाल्या. "माझ्या मुदतीत सांगेन." आणि आम्ही जून संपेपर्यंत सायन्सच्या ऑफिसातच जेवत राहिलो. मी दोन-तीनदा आडून विचारलं. त्यांनी मला लोणचं वाढलं.

नवीन वर्षाची शाळा उघडली. ताईंचं हे शेवटचं वर्ष. रोश हशाना होऊन त्या कामावर परत आल्या त्या दिवशी दुपारी मी सायन्सच्या ऑफिसात गेले तर खोलीत अंधार. मी धावतच स्टाफरूममध्ये गेले. मधल्या मोठ्या टेबलाशी ताई डबा उघडून बसल्या होत्या. समोर हलव्याचं ताट होतं आणि वरची चिठ्ठी नवी होती. मोठ्या अक्षरांत, बोर्डावर लिहितात तशा, त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं: माझ्या रोश हशानाचा हलवा. गहू, नारळाचं दूध, साखर. नववर्ष गोड जावो.

इतर वर्षी ते ताट पहिल्या ब्रेकला संपायचं. दुपार झाली होती आणि तीन तुकडे गेले होते. लोक येत होते, चिठ्ठी वाचत होते, छान म्हणत होते आणि फ्रिजकडे वळत होते. ताई भाताचे घास घेत होत्या, पण त्यांचं लक्ष ताटाकडे होतं हे मला दिसत होतं. मी शेजारी जाऊन बसले.

मग जिमचा मास्तर आला. सवयीने त्याचा हात ताटाकडे गेला आणि चिठ्ठीवर थांबला. त्याने ती दोनदा वाचली.

"हे तुझं आहे?" त्याने विचारलं. "तुझं नववर्ष?"

"माझं," ताई म्हणाल्या.

"मला वाटायचं दिवाळीचं काहीतरी."

"दिवाळी दरवर्षी याच्यानंतर येते. तू कधी विचारलं नाहीस."

तो समोरची खुर्ची ओढून बसला. मोठा गडी, पण खुर्चीच्या कडेवर बसला. "मी इथे काय काय बोललोय," तो म्हणाला. "तुझ्यासमोर."

"हो," ताई म्हणाल्या. "बोललायस."

मायक्रोवेव्ह वाजला, पण त्यातलं जेवण काढायला कोणी उठलं नाही. त्याने सॉरी म्हटलं, एकदाच, खाली बघून. ताईंनी आपला घास संपवला, पाण्याचा घोट घेतला आणि मग ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याने एक तुकडा घेतला आणि तो नुसता हातात धरून बसला.

मला भरून आलं होतं. मी दोघांकडे बघत होते, आणि आपण या सगळ्यात किती मोठं काम केलं असाही एक विचार मनात डोकावून गेला, खोटं कशाला बोलू? ताईंनी तो विचार माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा.

"बघत काय बसलीस? तूही घे," त्या मराठीत म्हणाल्या. "तो बिचारा माहीत नसताना खात होता. तू तर सगळं माहीत असून खाल्लास."

मी एक तुकडा घेतला, उजव्या हाताने.